कयाक गुरुवारपर्यंत हलवावी

इमारतीच्या नोटीस बोर्डावर तो कागद सोमवारी लागला. त्यात कुणाचं नाव नव्हतं, पण अख्ख्या इमारतीत कयाक एकाच माणसाकडे होती, त्यामुळे नाव लिहायची गरजही नव्हती. पार्किंगमधली 'होडीसदृश वस्तू' गुरुवारी संध्याकाळपर्यंत हलवावी, नाहीतर कमिटी ती भंगारात देईल, असं सेक्रेटरीबाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या आजी त्या वस्तूच्या शेपटाला अडखळून गुडघ्यावर पडल्या होत्या, तेव्हा बाईंचं तरी काय चुकलं म्हणायचं.

ज्याची ती वस्तू, त्याला सगळे दातवाला म्हणत. तो दातांचा डॉक्टर नव्हता. डॉक्टरांनी घेतलेल्या मापांवरून कवळ्या बनवायच्या, हा त्याचा धंदा. बाजारातल्या एका गाळ्याच्या मागच्या खोलीत मेण, साचे आणि बारीक कानशी यांच्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. तिथे सगळी गणितं केसाएवढ्या फरकाची. वय सत्तावन्न, पाठ आधीच कुरकुरणारी. अशा माणसाने तेरा फूट लांब आणि साठ किलो वजनाची मासेमारीची कयाक विकत घ्यावी, हे त्याच्या बायकोच्या मते हात दाखवून अवलक्षण होतं.

पाण्यावर मात्र ती कयाक सुरेख चाले. पायाने पेडल मारायचं, हात गळासाठी मोकळे. तळ इतका रुंद की उभं राहूनही गळ टाकता येई. जड होती म्हणूनच ती डगमगत नसे. हे दुकानदाराने सांगितलं होतं. तिला पाण्यापर्यंत न्यायचं कसं, ते त्याने सांगितलं नव्हतं आणि दातवाल्यानेही विचारलं नव्हतं. विचारणं हा त्याचा स्वभावच नव्हता. दोन वर्षांत ती जेमतेम पाच वेळा पाण्यात उतरली आणि गेले दहा-अकरा महिने पार्किंगच्या भिंतीला टेकून धूळ खात पडली होती.

तळ्याकाठी एक बोटघर होतं. लोक आपल्या होड्या तिथे ठेवत. दातवाल्याने फोन केला तेव्हा जागा आहे असं कळलं, फक्त चारच्या आत यायला हवं होतं. त्याने गुरुवारी काम बंद ठेवलं.

बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करायची. सकाळी डबा भरता भरता ती म्हणाली, "माझ्या भावाला फोन करा. त्याच्याकडे पिकअप आहे. अर्ध्या तासाचं काम."

"त्याला कशाला उगाच त्रास," दातवाला म्हणाला.

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि ती निघून गेली.

दातवाल्याची गाडी लहान होती. टपावर दोन आडवे दांडे बसवलेले होते, त्यांच्यावर ते धूड चढवायचं होतं. नाकापेक्षा मोती जड, असाच प्रकार. पद्धत त्याने मोबाइलवर चार वेळा बघितली होती. मागच्या काचेवर जुनी सतरंजी टाकायची, कयाकचं नाक उचलून टपाच्या कडेला टेकवायचं, मग मागे जाऊन शेपूट उचलायचं आणि पुढे ढकलायचं. व्हिडिओतला माणूस हे करताना शीळ घालत होता.

पहिल्या खेपेला नाक टेकलं, पण तो मागे जाईपर्यंत ते घसरलं आणि कयाक दुसऱ्या मजल्यावाल्याच्या स्कूटरवर जाऊन बसली. आरसा वाकडा झाला. त्याने तो हाताने सरळ केला, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला सतरंजीच घसरली आणि मागचा वायपर मुळासकट कयाकबरोबर खाली आला. एव्हाना सेक्रेटरीबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या डावीकडे घ्या म्हणत होत्या, मग तुमची डावी नाही, माझी डावी म्हणत होत्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते दातवाल्याला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या खेपेला त्याने दातओठ खाऊन ढकललं आणि कयाक एकदाची वर गेली. गेली ती हवी त्यापेक्षा दोन फूट पुढे. समोरच्या काचेतलं वरचं अर्धं जग दिसेनासं झालं. मागे ओढायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने दोन पट्टे वरून टाकले, आवळले आणि घड्याळ बघितलं. अर्ध्या तासाच्या कामाला सव्वादोन तास लागले होते.

पाठीतून एक बारीक सणक गुडघ्यापर्यंत जाऊन आली. तरीही मेव्हण्याला फोन करायचा विचार त्याने केला नाही, आणि त्याला कारण होतं.

मेव्हणा वेल्डर होता. बायकोचा धाकटा भाऊ. फाटकं, जाळ्या, जिने करायचा, आणि हात असा साफ की त्याच्या कामावर बोट ठेवायला जागा नसायची. मागच्या वर्षी त्याने स्वतः बनवलेला छोटा ट्रेलर दातवाल्याला कयाक न्यायला दिला होता. देताना एवढंच म्हणाला होता, की रिव्हर्स घेताना हळू, ट्रेलर उलट्या बाजूला वळतो. तळ्याच्या उतारावर दातवाल्याने रिव्हर्स घेतला, ट्रेलर उलट्या बाजूला वळला, त्याने घाईने स्टिअरिंग आणखी फिरवलं आणि ट्रेलरचा दांडा गाडी व कठड्याच्या मध्ये सापडून पिळला गेला. बघायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी तो ट्रेलर परत करायला गेला तेव्हा सासूबाई खाली मेव्हण्याच्या कारखान्यातच होत्या आणि बाकावर हातात कागद घेऊन एक गिऱ्हाईक बसलं होतं. मेव्हण्याने दांडा बघून विचारलं, काय झालं. दातवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही रे, साध्या खड्ड्यात गेला. तुझा जोडच कच्चा होता."

मेव्हण्याने ट्रेलर आत ओढून घेतला. त्या दिवसापासून तो बहिणीकडे आला नव्हता. बोलावलं की काम आहे म्हणायचा.

दातवाल्याला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे: आपलं खोटं पचलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या गाळ्यावर रोज लोक तुटकी कवळी घेऊन येत आणि म्हणत, जेवता जेवता आपोआप तुटली, तुमच्या मालातच खोट आहे. तो तुकडा उजेडात धरून बघायचा. आतून जुनी भेग असेल तर कड काळवंडलेली असते. बेसिनमध्ये आपटली असेल तर कड स्वच्छ आणि एका टोकाला टवका. एका नजरेत कळतं. ज्याला कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमधलं एवढं कळतं, त्याला लोखंडवाल्याला लोखंडातलं कळत नसेल असं वाटणं शक्यच नव्हतं. गेल्या वर्षभरात किती वेळा त्याने हे सांगून टाकायचं ठरवलं आणि किती वेळा जीभ टाळ्याला चिकटली, याला गणती नव्हती. दिवस जात गेले तसं ते जास्तच अवघड होत गेलं.

तो निघाला. शहर संपेपर्यंत सगळं ठीक चाललं. पट्टे वाऱ्याने घूं घूं करत होते. प्रत्येक गतिरोधकावर वरून कुणीतरी मूठ आपटावी तसा आवाज येत होता. नदीवरच्या लांब पुलावर आडवा वारा लागला. व्हिडिओतल्या माणसाने नाक आणि शेपूट दोऱ्यांनी बंपरला बांधायला सांगितलं होतं. दोऱ्या डिकीत होत्या. दोन पट्टे पुष्कळ झाले, असं दातवाल्याने ठरवलं होतं. पुलाच्या मध्यावर त्याच्या डोळ्यांदेखत कयाकचं नाक सावकाश डावीकडे सरकलं, घड्याळाच्या काट्यासारखं, आणि कठड्याच्या वर जाऊन थांबलं. म्हणजे शेपूट उजवीकडे, शेजारच्या लेनमध्ये. मागच्या ट्रकने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही.

पुलानंतर एक टायरवाल्याचं दुकान होतं. तिथपर्यंत तो बैलगाडीच्या वेगाने गेला. उतरून बघितलं तर टपावरचा पुढचा दांडा एका बाजूने उपटला होता आणि टपाला परातीसारखा पोचा पडला होता. आता ही गाडी कयाक काय, छत्रीसुद्धा टपावर नेऊ शकली नसती. टायरवाल्याने हात पुसत येऊन बघितलं, एवढी मोठी वस्तू एवढ्याशा गाडीवर का ठेवली असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता परत आत गेला.

पाऊण वाजला होता. दातवाल्याने फोन सुरू केले. गाड्या उचलून नेणाऱ्या क्रेनवाल्याने सांगितलं की आम्ही चाकं असलेल्या वस्तूच नेतो. टेम्पोवाला उद्या सकाळी म्हणाला. मग त्याने आपल्या मासेमारीतल्या जुन्या सोबत्याला, छापखानावाल्याला लावला. छापखानावाल्याची पाठ याच्याहून वाईट होती. तो म्हणाला, मी आलो तर आपल्या दोघांना उचलायला तिसरा माणूस लागेल. शेवटी त्याने बायकोला फोन केला, नुसतं सांगायला म्हणून. तिने पूर्ण ऐकून घेतलं, कुठे आहात ते विचारलं आणि फोन ठेवला. पाचच मिनिटांत तिचा फोन आला. "तो निघालाय. नीट बोला त्याच्याशी."

दातवाला टायरांच्या ढिगावर बसून राहिला. त्याला राग येत होता, पण नक्की कुणाचा ते ठरत नव्हतं. व्हिडिओतल्या माणसाचा, वाऱ्याचा, दांडे बसवणाऱ्याचा, सेक्रेटरीबाईंचा असं करत करत राग फिरून घरीच येत होता.

मेव्हण्याची पिकअप आली. मागच्या हौद्यावर लांब पाइप न्यायला केलेला लोखंडी सांगाडा होता, केबिनच्याही वर जाणारा. मेव्हणा उतरला, "भाऊजी" एवढंच म्हणाला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आला. उपटलेल्या दांड्यावर त्याने अंगठा फिरवला. दातवाल्याला वाटलं, आता बोलेल.

"शेपूट तुम्ही धरा," मेव्हणा म्हणाला. "पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा."

दहा मिनिटांत कयाक टपावरून खाली आणि खालून सांगाड्यावर गेली. मेव्हण्याने पट्टे वापरलेच नाहीत. साध्या दोराच्या चार गाठी मारल्या, हात लावून हलवून बघितल्या, शेपटाला एक लाल फडकं बांधलं. दातवाल्याने आभार मानायला तोंड उघडलं, पण सव्वादोन तासांचं काम समोर दहा मिनिटांत झालेलं बघून त्याच्या मनात जे आलं ते आभार नव्हतं. गाडी टायरवाल्याकडे ठेवून दोघे निघाले. वाटेत मेव्हण्याने बहिणीची चौकशी केली. दातवाल्याने सासूबाईंची केली.

बोटघराच्या आवाराला उंची अडवणारा आडवा दांडा होता, मोठ्या गाड्या आत येऊ नयेत म्हणून. पिकअप त्याखालून गेली असती, पिकअपवरची कयाक जाणार नव्हती. मेव्हण्याने उभं राहून बघितलं. चार बोटांचा फरक होता.

"टायरमधली हवा कमी केली तर?" दातवाल्याने विचारलं.

"दोन बोटं मिळतील."

तेव्हा कयाक पुन्हा उतरवली आणि दोघांनी दोन टोकांना धरून ती आत न्यायला सुरुवात केली. फाटकापासून शेडपर्यंत चारशे पावलं तरी होती. दर वीस पावलांवर दातवाल्याला ती खाली ठेवावी लागे. मेव्हणा दर वेळी मुकाट्याने थांबे, आणि त्या मुकाटपणानेच दातवाला अर्धा झाला. शेडच्या दारात पोचले तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

बोटघरवाला सज्जन माणूस होता, हाच खरा घोटाळा होता. त्याच्याशी भांडताही येईना. त्याने टेप काढला, एक टोक दातवाल्याच्या हातात दिलं आणि माप घेतलं. त्याच्याकडच्या, होड्या ठेवायच्या घडवंच्या साडेबारा फुटांच्या होत्या. त्याहून लांब होडी वाटेत येते, लोक अडखळतात. ही तेरा होती.

"फोनवर तुम्ही लांबी सांगितली नव्हती," तो म्हणाला.

"तुम्ही विचारली नव्हती."

"होडी तुमची आहे ना."

मेव्हण्याने वाकून कयाकचं शेपूट बघितलं. मागे सुकाणू होतं, आठ इंच बाहेर आलेलं. ते काढलं तर कयाक साडेबाराच्या आत बसत होती. एकच बोल्ट होता. तो चारशे पावलं परत गेला आणि पाने घेऊन आला. बोल्ट हलेना. दोन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. आतून गंजाने तो धरून ठेवला होता. मेव्हण्याने तेल सोडलं, वाट बघितली, पुन्हा जोर लावला. दातवाला शेजारी बसून घड्याळ बघत होता. साडेतीन. पावणेचार. त्याला राहवलं नाही. त्याने पाना मेव्हण्याच्या हातातून घेतला, दोन्ही पाय कयाकला टेकवले आणि सगळ्या दिवसाचा राग त्या पान्यावर काढला. पाना सटकला. बोल्टच्या कडा घासून तो गुळगुळीत गोल झाला. आता त्याला कुठलाच पाना लागला नसता.

बोटघरवाला चारला पाच मिनिटं कमी असताना किल्ल्या घेऊन आला. त्याने सोमवारी यायला सांगितलं. आज रात्रीपुरती बाहेर ठेवू का, असं दातवाल्याने विचारलं. नियमात बसत नाही, तो म्हणाला. तेव्हा दातवाला ओरडला. तो सहसा ओरडत नसे, त्यामुळे आवाज भलताच चिरका आला. नियम होड्यांसाठी असतात की होड्या नियमांसाठी, असं काहीतरी तो बोलला आणि हातातला पाना त्याने जमिनीवर आपटला. बोटघरवाल्याने पाना उचलला, पुसला आणि मेव्हण्याच्या हातात दिला. मग शटर खाली आलं.

परत चारशे पावलं. या वेळी दातवाला दर दहा पावलांवर थांबला.

कयाक बांधून झाल्यावर दोघे केबिनमध्ये बसले. मेव्हण्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. समोर उंचीचा दांडा वाऱ्याने हलत होता. दातवाल्याचे तळहात सोलवटले होते. कयाक घरी नेता येत नव्हती, इथे ठेवता येत नव्हती. आपल्याला आता रडू येईल की काय, अशी त्याला धास्ती वाटली.

"बोल्टला अधूनमधून तेल पाजावं," मेव्हणा म्हणाला.

दातवाला समोर बघत म्हणाला, "ट्रेलरचा जोड कच्चा नव्हता."

"माहीत आहे."

"मीच वाकवला. रिव्हर्स घेताना."

"तेही माहीत आहे. जोड तसाच्या तसा होता. शेजारचा पाइप पिळला होता. तो तुकडा मी कापून ठेवलाय."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"कुणाला बोलू?" मेव्हणा म्हणाला. "तुम्हाला माहीतच होतं की."

मग मेव्हण्याने उरलेलं सांगितलं; आवाज न चढवता, एखाद्या कामाचं माप सांगावं तसं. त्या दिवशी बाकावर बसलेला माणूस एका शाळेचा हेडक्लार्क होता. फाटकाचा आराखडा घेऊन आला होता. मोठं, दोन झडपांचं फाटक. मेव्हण्याला ते मनापासून करायचं होतं. त्याने घरी बसून त्याच्या नक्षीची चित्रंही काढली होती. दातवाला निघून गेल्यावर हेडक्लार्कने कागदाची घडी केली, कळवतो म्हणाला आणि कळवलं नाही. फाटक दुसऱ्या कुणीतरी केलं. मेव्हणा रोज त्या रस्त्यावरून जायचा.

हे दातवाल्याला माहीत नव्हतं. वर्षभर त्याला वाटत होतं की आपण मेव्हण्याला दुखावलं, आणि दुखणं काय, आज ना उद्या भरतं. काम गेलं असेल असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"कुठे आहे ती शाळा?" त्याने विचारलं.

"वाटेतच."

"थांबव तिथे."

मेव्हण्याने नको म्हटलं. त्याचा काही उपयोग नाही, म्हणाला. पण शाळा आली तेव्हा गाडी मात्र त्याने कडेला घेतली.

मुलं घरी गेली होती. पिकअपने अर्धं प्रवेशद्वार अडवलं होतं. हेडक्लार्क कपाटाला कुलूप लावून बाहेर पडतच होता. जाड भिंगांचा, घाईत असलेला माणूस. त्याने आधी दातवाल्याकडे, मग त्याच्या मागच्या त्या तेरा फुटी प्रकाराकडे बघितलं आणि विचारलं, "ही शाळेला द्यायची आहे का?"

क्षणभर दातवाल्याच्या मनात मोह आला. हो म्हटलं की सुटका. पण तो नाही म्हणाला आणि ज्यासाठी आला होता ते बोलायला लागला. ते सरळ निघेना. मागच्या वर्षी, वेल्डरकडे, एक ट्रेलर, तुम्ही बाकावर बसला होतात. हेडक्लार्कला आठवायला वेळ लागला.

"हां हां. तो जोड तुटला होता ते."

"तुटला नव्हता."

"पण तुम्हीच म्हणालात."

"मी खोटं बोललो होतो. माझ्या हातून वाकला. त्याचं काम पक्कं होतं."

हेडक्लार्कने चष्मा काढला, पुन्हा घातला. एका अनोळखी माणसाने संध्याकाळी पाच वाजता, गाडीवर होडी लादून, येऊन असं काही सांगावं, यावर काय करायचं असतं ते त्याला कळत नव्हतं. बरं झालं सांगितलंत, तो म्हणाला. पण फाटक तर होऊन गेलं. आता काय करणार. दातवाल्याला वाटलं होतं, बोलल्यावर छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. उलट आणखी एका माणसासमोर तोंड दाखवायला जागा उरली नाही, एवढंच.

हेडक्लार्क फाटक लावायला लागला. एक झडप जमिनीला घासत होती आणि मध्येच रुतून बसली. त्याने दोनदा खांदा लावला. मेव्हणा इतका वेळ गाडीतून उतरला नव्हता. आता तो उतरला, झडप खालून धरून दोन बोटं वर उचलली आणि सहज बंद केली. करता करता त्याची नजर बिजागरीवर गेली. तो वाकला, तिथल्या वेल्डिंगवर त्याने नख फिरवलं.

"याचं काही होईल का?" हेडक्लार्कने विचारलं.

"ज्याने केलंय त्याला विचारा," मेव्हणा म्हणाला. "दुसऱ्याच्या कामाला मी हात लावत नाही." आणि तो गाडीत जाऊन बसला.

वळण आलं तेव्हा तो दातवाल्याच्या घराकडे न जाता आपल्या कारखान्याकडे वळला. "छताला लटकवू," एवढंच म्हणाला. "आढ्याला जागा आहे."

कारखान्याच्या वर सासूबाई राहत. पिकअपचा आवाज ऐकून त्या जिन्यात येऊन उभ्या राहिल्या, कयाक बघितली, जावयाच्या सोललेल्या हातांकडे बघितलं. दातवाला एक पायरी वर चढला आणि शाळेत सांगितलं तेच त्याने त्यांनाही सांगितलं. या वेळी ते जरा सरळ निघालं.

"हे तुमच्या बायकोने तुमच्या तोंडावरूनच ओळखून मला कधीच सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी सांगता, तेवढंच बघत होते." आणि त्या वर निघून गेल्या. म्हणजे बायकोलाही माहीत होतं. वर्षभर तो ज्याच्यावर झाकण धरून बसला होता, त्या भांड्यात सगळ्यांनी डोकावून बघितलं होतं.

आढ्याला दोन मोठे हुक लावायला हवे होते. मध्ये कापायचं मशीन येत होतं, ते सरकवावं लागलं. ते सरकवायला आधी सळयांची चळत हलवावी लागली. दातवाल्याच्या पाठीने केव्हाच दगा दिला होता, तरी तो करत राहिला. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मेव्हण्याने जाड सळई तापवून वाकवली, शिडीवर चढला आणि दातवाल्याला खालून आधाराची पट्टी धरायला सांगितलं. मान फिरवा, म्हणाला. ठिणग्या जमिनीवर तडतडत पडल्या. मग सगळं शांत झालं आणि जळक्या लोखंडाचा वास राहिला.

जोड निवल्यावर मेव्हणा शिडीवरून उतरला, शिडी बाजूला केली आणि हुकाखाली एक लाकडी खोकं सरकवलं.

"लोंबकळा," तो म्हणाला.

"मी?"

"कयाक साठ किलोची. तुम्ही ऐंशीचे. तुम्हाला पेललं तर तिलाही पेलेल."

दातवाला खोक्यावर चढला. त्याने दोन्ही सोललेले हात हुकाला घातले आणि मेव्हण्याने खोकं पायाने दूर केलं. लोखंड अजून कोमट होतं. पाठीचा एकेक मणका सुटा होत गेला, तळहात पेटले. वरून साधं कुरकुरलंसुद्धा नाही.

"बास का?" त्याने दात आवळून विचारलं.

मेव्हणा खडू शोधत होता. सापडल्यावर तो पुन्हा शिडीवर चढला, सावकाश मोजून त्याने आढ्यावर दुसऱ्या हुकाची खूण केली, ती चुकली म्हणून पुसली आणि पुन्हा केली.

"थोडं थांबा, भाऊजी," तो म्हणाला.